छाती उघडून झालेल्या ऑपरेशननंतरचे सहा आठवडे: एका आईच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न औसा तालुक्यातल्या एका आईचा आहे. थोडक्यात असा: मुलगी सहा वर्षांची, वजन १६ किलो. शाळेत आलेल्या तपासणी पथकाला तिच्या छातीत वेगळा आवाज ऐकू आला, पुढे इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र दिसलं. छिद्राच्या कडा अपुऱ्या असल्यामुळे छत्री (छाती न उघडता, नसेतून नेऊन छिद्र बुजवायचं उपकरण) बसणार नाही म्हणाले, म्हणून छाती उघडून ऑपरेशन केलं. आज बारावा दिवस, घरी येऊन पाच दिवस झाले. पोर खांदे पाडून, वाकून बसते. रात्री किंचाळत उठते, अंथरूण ओलं करते. दोन घासांपलीकडे जेवत नाही. सासूबाई म्हणतात, तीन महिने खाटेवरून खाली उतरवायची नाही. 'ऑपरेशनआधी ही अंगणभर पळत होती, मग आम्हीच हिला आजारी केलं का?' आणि शेवटी, तुळजापूरचा नवस बोललाय, तो कधी फेडायचा?

ताई, मी बावीस वर्षं लहान मुलांच्या हृदयाच्या वॉर्डात सिस्टर म्हणून काम केलं आहे, त्यातली बरीच वर्षं आयसीयूमध्ये. तुमचा 'आम्हीच आजारी केलं का' हा प्रश्न आधी घेते. तो मनात धरून बसलेल्या आईच्या हातून बाकीचं काही धड होत नाही, हे मी फार वेळा पाहिलं आहे.

तुम्ही तिला आजारी केलेलं नाही. या छिद्राचा स्वभावच असा की लहानपणी ते गप्प असतं. डाव्या बाजूचं रक्त उजवीकडे येत राहतं, फुप्फुसांकडे गरजेपेक्षा जास्त रक्त जातं, हृदयाचा उजवा भाग हळूहळू ताणला जातो, आणि पोर मात्र हसतखेळत असते. फार तर सर्दीखोकला जास्त, वजन जरा कमी. त्रास दिसायला लागतो तो विशी-तिशीनंतर: धाप लागते, ठोके बिघडतात, फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांमधला दाब वाढतो. काही मुलींना तर पहिल्या बाळंतपणात कळतं. म्हणून पोर धडधाकट दिसत असतानाच ऑपरेशन करायचं असतं. जी मुलं आधीच निळी पडत होती, चार पावलांवर बसकण मारत होती, त्यांच्या आयांना ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी फरक दिसतो. तुमच्या वाट्याला उलटं आलं, पळणारी पोर तुम्ही आत दिलीत आणि वाकलेली परत मिळाली. शाळेतली तपासणी २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली सुरू झाली, आणि तीही आपल्याच पालघरमधून. त्याआधी अशी बरीच मुलं सापडायचीच नाहीत. तुमची वेळेवर सापडली.

आता सासूबाईंचं. त्यांचा अर्धा मुद्दा बरोबर आहे, आणि तो अर्धा कुठला हे घरात सगळ्यांना कळलं पाहिजे. छातीचं मधलं हाड उभं कापलेलं असतं आणि पुन्हा जोडलेलं असतं. एवढ्या मुलांमध्ये बहुतेक ठिकाणी स्टीलच्या बारीक तारांनी बांधतात. (त्या तारा कायम आत राहतात, काढाव्या लागत नाहीत. 'माझ्या छातीत तारा आहेत' हे वर्गात सांगताना मुलांचा रुबाब बघण्यासारखा असतो.) मोडलेला हात जुळायला जितका वेळ लागतो तितकाच या हाडालाही लागतो, म्हणजे सहा ते आठ आठवडे. तेवढा काळ हाडावर झटका, ओढ आणि आपटणं टाळायचं. सासूबाईंनी एवढंच धरून ठेवायचं. चालणं, बसणं, उठणं, जिना चढणं, हात हलवणं, हसणं, खोकणं हे सगळं आजपासूनच हवं.

हाडाला सगळ्यात जास्त धोका घरातल्या मायेच्या माणसांकडून असतो. काका येतो, 'आमची सोनी ती' म्हणत काखेत हात घालून वर उचलतो. त्या एका उचलण्यात जोडलेल्या हाडाच्या दोन्ही बाजू अलगद बाहेरच्या बाजूला ओढल्या जातात. काखेतून उचलायचं नाही, हाताला धरून उठवायचं नाही, अंगातला फ्रॉक काढताना हात ओढायचा नाही. उचलायचं तर एक हात मानेखाली-पाठीखाली, दुसरा ढुंगणाखाली, तान्ह्या बाळाला घेतो तसं. पुढून बटणं असलेले कपडे घाला, बाबांचा जुना शर्ट सगळ्यात सोयीचा. झोपेतून उठवताना आधी कुशीवर वळवा, पाय खाटेखाली सोडा आणि पाठीला आधार देऊन बसवा. दोनतीनदा दाखवलंत की ती स्वतःच करेल. झोपायला उताणी किंवा थोडी कुशीवर, पालथी नको.

आणि मोटारसायकल. डिस्चार्जच्या कागदावर ही ओळ सहसा नसते, पण आपल्याकडे पोरांना टाकीवर पुढे बसवून, हॅन्डलला धरायला लावून नेतात. ब्रेक लागला की छाती थेट हॅन्डलवर. सहा-आठ आठवडे दुचाकी नको, पुढे नको आणि दोघांच्या मध्येही नको. तपासणीला गाडीनं जाल तेव्हा मागच्या सीटवर पट्टा लावायचाच, फक्त पट्टा आणि छातीच्या मध्ये घडी घातलेला टॉवेल ठेवा. एसटीनं जायचं असेल तर मधल्या भागातली सीट धरा, मागच्या चाकावर हादरे फार बसतात.

खाटेवर पडून राहण्याबद्दल एक जुनी हकीकत सांगते, सासूबाईंनाही वाचून दाखवा. १९५४च्या मार्चमध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात डॉ. वॉल्टन लिलेहाय यांनी १३ महिन्यांच्या एका मुलाच्या हृदयाच्या खालच्या कप्प्यांमधलं छिद्र शिवलं. तेव्हा यंत्र हाताशी नव्हतं, म्हणून वडिलांच्या शरीरातलं रक्ताभिसरणच मुलाला जोडलं होतं. ऑपरेशन जमलं. मूल अकराव्या दिवशी गेलं, न्यूमोनियानं. छिद्र बंदच होतं. आज औषधं आहेत, यंत्रं आहेत, तेवढी भीती राहिली नाही, पण ऑपरेशनच्या वेळी फुप्फुसं काही वेळ मिटलेली असतात, नंतर दुखतं म्हणून मूल वरवर श्वास घेतं, खालच्या भागात कफ साठतो, हे तेव्हाही तसंच होतं आणि आजही तसंच आहे. तो कफ सुटायचा तर पोरीनं उठून चाललं पाहिजे, खोल श्वास घेतला पाहिजे आणि खोकलं पाहिजे.

तुम्हाला श्वासाच्या व्यायामासाठी तीन रंगीत चेंडूंचं स्पायरोमीटर दिलं असेल. ते फुंकायचं नसतं, ओढायचं असतं. निम्म्या घरांत उलटं चालू असतं! दिवसा दर दोन तासांनी आठ-दहा वेळा पुरे. पण खरं सांगू, सहा वर्षांचं पोरगं त्याला तिसऱ्या दिवशी कंटाळतं. मग साबणाच्या पाण्याचे फुगे काढा, भिरभिरं फिरवा, परातीत पाणी घेऊन कागदाची होडी फुंकरीनं पलीकडे नेण्याची शर्यत लावा. मी वॉर्डात या शर्यती लावायचे आणि मुद्दाम हरायचे. खोकताना छातीशी उशी किंवा आवडती बाहुली घट्ट कवटाळून धरायला शिकवा. हाडाला आतून धक्का बसतो तो उशी झेलते, आणि मूल खोकायला घाबरत नाही.

वाकून बसते ते छाती सांभाळण्यासाठी, सगळीच मुलं तशी बसतात. 'ताठ बस' म्हणून काही होत नाही, उलट मान आणखी खाली जाते. तिच्या हाताला कारण द्या. भिंतीवर तिच्या छातीच्या उंचीला टिकल्या चिकटवा आणि काढायला लावा, दोन दिवसांनी त्याच टिकल्या चार बोटं वर. दोन्ही हात एकदम वर जातील असं करायचं, एकाच हातानं लांबवर ताणणं सध्या नको. केस विंचरताना फणी तिच्या हातात द्या. भातुकली, सागरगोटे, पत्ते, चित्रं, सगळं चालतं. सायकल, झोका, झाड, लंगडी, फुगडी, भावाशी कुस्ती हे हाड जुळेपर्यंत बंद. महिन्यानंतरही एक खांदा खालीच राहिला किंवा हात डोक्याच्या वर जात नसेल तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. लातूरच्या जिल्हा पातळीवरच्या बालतपासणी केंद्रातही विचारता येईल, तुमचं शाळेचं पथक तिथली वाट दाखवेल.

यातलं काहीही करायचं तर आधी दुखणं कमी हवं, आणि इथे घरोघरी गोंधळ असतो. मुलं दुखतंय म्हणून सांगत नाहीत, कारण दवाखान्यात त्यांनी शिकलेलं असतं की 'दुखतंय' म्हटलं की सुई येते. तुमची पोर हलत नाही, खोकत नाही, कपाळाला आठी असते, खेळणं हातात घेऊन नुसती बसते, तर ते दुखणंच समजा. पॅरासिटामॉल घाबरून अर्धं देण्यात अर्थ नाही आणि जास्त देणं यकृताला घातक. एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे तिच्या १६ किलोला २४० मिलिग्रॅम. दोन वेळांमध्ये निदान चार ते सहा तास, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. आता बाटली हातात घ्या आणि बारीक अक्षर वाचा. पाच मिलीत २५० मिलिग्रॅम असेल तर तिला पाच मिलीला किंचित कमी लागेल. पाच मिलीत १२० असेल तर दहा मिली. आणि तान्ह्या बाळांचे थेंब असतील तर एका मिलीतच १०० असतं, त्यातलं पाच मिली दिलंत तर दुप्पट डोस जातो. घरात दोन प्रकारच्या बाटल्या असतील तर एक शेजाऱ्यांना नेऊन द्या. मापाला चमचा नको, बाटलीबरोबरचं झाकण किंवा सिरिंज. अंघोळ, चालणं, स्पायरोमीटर यांच्या अर्धा तास आधी दिलं तर सगळं सोपं जातं. मात्र देण्याआधी ताप मोजायचा, नाहीतर औषधाखाली ताप लपून बसतो. डॉक्टरांनी लिहिलेलं नसेल तर आयब्युप्रोफेन किंवा दुकानदाराने दिलेली 'जास्त पॉवरची' गोळी नको, लघवीच्या औषधाबरोबर (अंगातलं जास्तीचं पाणी काढायला दिलेल्या) ती मूत्रपिंडाला त्रास देऊ शकते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे वाचून झाल्यावर फ्रिजला किंवा देव्हाऱ्याजवळ लावून ठेवा.

वरच्या कप्प्यांचं छिद्र बंद केलेल्या मुलांमध्ये, घरी गेल्यावर, पहिल्या ते सहाव्या आठवड्याच्या दरम्यान कधीकधी हृदयाच्या भोवतालच्या पिशवीत पाणी साठतं. जखमेत काही दोष नसतो, शरीरच त्या पिशवीवर चिडतं. फार मुलांना होत नाही, पण याच ऑपरेशननंतर ते तुलनेनं जास्त दिसतं. आणि त्याची पहिली खूण छातीत नसते, पोटात असते. मूल उलट्या करतं, जेवण टाकतं, मलूल पडतं, किरकिर करतं. ताप असतोच असं नाही. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका आईचा फोन आला होता, ऑपरेशनला सोळा दिवस झालेले, पोरगा सकाळपासून ओकतोय. मी म्हटलं, बाहेरचं काही खाल्लं असेल, ओआरएस द्या, उद्या सांगा. दुसऱ्या दिवशी त्याला आणलं तेव्हा तो आडवा होऊ शकत नव्हता, बसूनच धापा टाकत होता. इको केला, पाणी काढलं, चार दिवसांत तो ठणठणीत घरी गेला. ते ओआरएसचं उत्तर मी पुन्हा कधी कुणाला दिलेलं नाही. म्हणून तुमच्यासाठी नियम असा: पहिल्या सहा आठवड्यांत दोनपेक्षा जास्त उलट्या, किंवा खाणं होतं त्याहून अचानक कमी, किंवा काल खेळत होती आणि आज पडून आहे, तर गावातल्या डॉक्टरांना 'हृदयाचं ऑपरेशन झालंय, इको करायला पाठवा' असं स्वतःहून सांगायचं आणि ऑपरेशन झालेल्या रुग्णालयाला त्याच दिवशी फोन करायचा. आडवं झोपवत नसेल, ओठ निळसर वाटत असतील, हातपाय गार पडले असतील किंवा चक्कर आली असेल तर फोनची वाट न बघता १०८ बोलवा. उलट्याजुलाब चालू असताना लघवीचं औषध नेहमीसारखं देत राहायचं की थांबवायचं, हेही त्याच फोनवर विचारा, कारण अंगातलं पाणी दोन्हीकडून जातं.

धाप ओळखायला एक सोपी सवय लावा. ती गाढ झोपली की पोटाकडे बघून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा आणि कॅलेंडरवर त्या तारखेखाली लिहा. शेजारी सकाळचं वजनही. आकडा तिचा तिच्याशीच ताडायचा. रोज २२ असणारा आज ३४ झाला, किंवा दोन दिवसांत वजन अर्धा-पाऊण किलो वर गेलं आणि डोळ्यांभोवती सूज आली, तर कळवायचं. डॉक्टरांना फोनवर 'जरा धाप वाटते' सांगण्यापेक्षा हे आकडे सांगितलेत तर उत्तरही नेमकं मिळेल.

जेवणाची काळजी सध्या जरा बाजूला ठेवा. बाराव्या दिवशी दोन घास खाणारं मूल मला नवं नाही, भूक परतायला दोनतीन आठवडे लागतात. (दोन घासांवरून शून्यावर आली तर मात्र वरचा नियम.) ताट भरून समोर ठेवू नका. दर दोन तासांनी वाटीत थोडंसं: मुगाची खिचडी, अंड्याचा पिवळा-पांढरा सगळा, दहीभात, नाचणीचं सत्त्व, शेंगदाण्याचा अर्धा लाडू. घरात मांसाहार चालत असेल तर मऊ शिजवलेलं चिकन उत्तम, हाडं जोडायला प्रथिनं लागतातच. लघवीचं औषध चालू असेपर्यंत पापड, लोणचं, वेफर्स, फरसाण बंद, मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. भेटायला येणारे शहाळी घेऊन येतील. एखादं चालतं, पण तुमच्या कागदावर स्पायरोनोलॅक्टोन किंवा ॲल्डॅक्टोन असेल तर रोज दोन-तीन शहाळी देऊ नका, त्या औषधानं पोटॅशियम आधीच साठत असतं आणि शहाळ्यात ते भरपूर. शौचाला खडा होत असेल तर पपई, भिजवलेल्या मनुका द्या, दुखतं म्हणून ती दाबून धरते आणि मग भूकही जाते. पाणी मोजून द्यायला सांगितलं असेल तर तेच पाळा.

जखमेवर हळद, तूप, राख, अंगारा, पावडर, तेल यातलं काही नाही. कोरडी आणि उघडी. ऑपरेशननंतर छातीतलं पाणी काढायला लावलेल्या नळीच्या जागेचे टाके काढून, खपली सुकेपर्यंत ओल्या फडक्यानं अंग पुसा, मग मगानं झटपट अंघोळ, छाती चोळायची नाही, टिपून कोरडी करायची. विहीर, नदी, टब सहा आठवडे नको. जखम लाल होऊन गरम लागली, पू किंवा पाणी आलं, १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप गेला, किंवा खोकताना छातीचं हाड बोटाखाली कट्ट करून सरकल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी रुग्णालयात. व्रण पहिलं वर्षभर उन्हापासून झाकून ठेवा, ऊन लागलं की तो काळा पडतो. पूर्ण भरल्यावर डॉक्टरांना विचारून सिलिकॉन जेल लावता येतं.

रात्रीचं किंचाळणं. आयसीयूत दिवसरात्र दिवे असतात, यंत्रं वाजत असतात, तोंडात नळी असते म्हणून ओरडता येत नाही, आणि झोपेच्या औषधांमुळे खरंखोटं मिसळतं. ते सगळं रात्री परत येतं. तिला हलवून जागं करून 'काय झालं, काय झालं' विचारू नका. मंद दिवा असू द्या, पाठीवर हात, हळू आवाजात 'आई इथं आहे, आपण घरी आहोत', एवढंच. बहुतेक मुलांचं दोनचार आठवड्यांत निवळतं. दिवसा बाहुली, जुनी सुई नसलेली सिरिंज आणि पट्टीचा तुकडा तिला खेळायला द्या. ती डॉक्टर, बाहुली पेशंट. ती बाहुलीला ओरडेल, जोरात टोचेल, 'रडायचं नाही' म्हणेल. मधे बोलू नका. तिथे काय काय झालं हे तुम्हाला त्या खेळातूनच कळेल. आणि घरात कुणीही 'जेवली नाहीस तर सिस्टरला बोलावते' म्हणायचं नाही. पुढच्या इकोला ही पोर टेबलावर झोपायला तयार होत नाही ती या एका वाक्यामुळे, आणि मग आमच्यावरच खापर!

अंथरूण ओलं करण्यात भीतीचा भाग असेल, पण आधी औषधाचं वेळापत्रक बघा. लघवीचं औषध दिवसातून दोनदा असेल आणि तुम्ही सकाळी आठ, रात्री आठ असं देत असाल, तर अंथरूण ओलं होणारच. दुसरा डोस दुपारी चारच्या सुमारास आणता येईल का, ते फोनवर विचारा. बहुतेकदा 'हो' म्हणतात. तिला मात्र त्यावरून काही बोलू नका, हसू तर अजिबात नका.

तिला मोठा भाऊ आहे असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा तो कुणाकडे होता? आई-बाबा अचानक गेले, परत आले ते बहिणीभोवतीच. त्याला एक खरं काम द्या. कॅलेंडरवर श्वासाचा आकडा लिहिणं, होडीच्या शर्यतीचा पंच होणं. आणि दिवसातला अर्धा तास फक्त त्याच्यासाठी.

भेटायला येणाऱ्यांचं तुम्हालाच कडक व्हावं लागेल. सर्दीखोकला असलेल्यानं आत यायचं नाही, बाकीच्यांनी हात धुऊन, दहा मिनिटं, आणि शर्ट वर करून व्रण दाखवायला लावायचा नाही. ती काही प्रदर्शनातली वस्तू नाही.

शाळा चौथ्या ते सहाव्या आठवड्यात, तुमच्या सर्जननी तपासल्यावर. पहिला आठवडा अर्धा दिवस, दप्तर दुसऱ्या कुणीतरी न्यायचं, मधल्या सुट्टीत वर्गात किंवा बाईंजवळ. पीटीच्या सरांना लेखी द्या, आणि त्या चिठ्ठीवर शेवटची तारीख घालाच. माझा अनुभव असा की सहा आठवड्यांसाठी लिहिलेली 'धावू नये' ही चिठ्ठी सहा वर्षं चालते. दहावीतल्या मुली तपासणीला येतात, हृदय उत्तम, इको स्वच्छ, आणि पळता येत नाही, कारण पहिलीपासून कुणी पळूच दिलेलं नाही. घरात तिच्याबद्दल बोलताना 'हिचं हार्टचं ऑपरेशन झालंय' हे वाक्य पाहुण्यांसमोर किती वेळा येतं, ते मोजून बघा. छिद्र नीट बंद झालं आणि फुप्फुसांचा दाब ठीक असला, तर साधारण तीन महिन्यांनंतर डॉक्टर सगळे खेळ मोकळे करतात. तेव्हा तुमचा जीव खालीवर होईल, तरी सोडा तिला.

दातांचं राहिलं. रोज दोनदा ब्रश करा, किडका दात असेल तर डेंटिस्टला ऑपरेशनबद्दल आधी सांगा. छिद्रावर लावलेलं ठिगळ कृत्रिम असेल तर पहिले सहा महिने दात काढण्याआधी अँटिबायोटिक लागतं. तिला पाच-सहा वर्षांचा त्रिगुणी लशीचा बूस्टर द्यायचा राहिला असेल तर पुढच्या तपासणीला विचारा. आणि ऑपरेशनमध्ये रक्त दिलं असेल तर गोवर-रुबेलासारख्या लशी काही महिने पुढे ढकलतात, तेही विचारून घ्या.

नवस फेडायला नक्की जा, पण सहा आठवडे होऊन इको झाल्यावर. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळा, एखाद्या बुधवारी सकाळी लवकर निघा. गर्दीत कुणाचं कोपर छातीला लागू नये म्हणून तिला भिंतीच्या बाजूला ठेवा, आणि कुंकू कपाळावरच, जखमेजवळ नाही. तुळजापूरला देवीपर्यंत पायऱ्या उतरून जायचं असतं, येताना चढायचं. बाबा म्हणतील मी कडेवर घेतो. तिला स्वतःच्या पायांनी उतरू द्या, दमली तर मधे बसू द्या. चढताना ती किती पायऱ्यांवर थांबली, तेवढं मात्र लक्षात ठेवून पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सांगा.